सायीतले डीडीटी

1993 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा, अन्नातील दूषित घटकांविषयीचा अहवाल बाहेर आला. बारा राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे 2,205 नमुने घेतले होते. त्यातल्या सुमारे 82 टक्के नमुन्यांत डीडीटी सापडले. आता सापडणे वेगळे आणि मर्यादेबाहेर सापडणे वेगळे. तेव्हाची मर्यादा होती एक किलो दुधात 0.05 मिलिग्रॅम. ती ओलांडणारे नमुने 37 टक्के निघाले. राज्यवार पाहिले तर गुजरातचे 70 टक्के नमुने मर्यादेबाहेर, आंध्र प्रदेशाचे 57, हिमाचलचे 56, पंजाबचे 51. आणि या सगळ्यांच्या वर, 74 टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर महाराष्ट्र.

अहवालातली दुसरी आकडेवारी दुधाच्या डब्यांची होती. बाजारात मिळणाऱ्या वीस ब्रँडच्या शिशुआहाराचे 186 नमुने तपासले होते. त्यांतल्या सुमारे 70 टक्के नमुन्यांत डीडीटी आणि 94 टक्के नमुन्यांत एचसीएच निघाले. हे एचसीएच म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्यांची बीएचसी पावडर, कुणाच्या तोंडी गॅमेक्झिन. स्निग्धांशाच्या हिशेबाने किलोमागे डीडीटी जास्तीत जास्त 4.3 मिलिग्रॅम आणि एचसीएच 5.7 मिलिग्रॅम मिळाले.

ही गोष्ट केडगावात बसून सांगावीशी वाटते, कारण दूध आणि बाळ यांच्यामधला सगळा रस्ता इथून दिसतो. केडगाव म्हटले की पुष्कळांना दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिमिशनचे गाव आठवते. हे ते नव्हे. हे नगर शहराला पुणे रस्त्यावर चिकटलेले, रेणुकामातेचे केडगाव. नवरात्रात इथे जत्रा भरते. एका बाजूला अरणगाव, नेप्तीची शिवारे, दुसऱ्या बाजूला शहर. दूध शिवारातून येते आणि शहरात जाते, आणि डबा शहरातल्या मेडिकल दुकानातून पुन्हा घरात येतो.

डीडीटी या मुलखात शत्रू म्हणून आले नाही, हे आधी सांगायला हवे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे त्याने मरत. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी 1946 पासून कारवार आणि धारवाडच्या भागात घरोघर डीडीटी फवारून हिवताप खाली आणून दाखवला. स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना या रसायनाच्या कीटकनाशक गुणाच्या शोधाबद्दल 1948 चे नोबेल मिळाले. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. सरकारने डीडीटीसाठी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनीच काढली; पुढे रायगडातल्या रसायनीतही तिचा कारखाना उभा राहिला. 1965 पर्यंत रुग्ण लाखभरावर आले आणि मृत्यूंची नोंद शून्य झाली. ज्यांनी थंडी वाजून मरणारी माणसे पाहिली होती, त्यांना पाठीवर पंप घेऊन येणारा मलेरियावाला देवदूत वाटला तर त्यात नवल नाही.

फवारणीचे प्रमाण ठरलेले होते: भिंतीच्या एका चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी, वर्षातून दोन वेळा. भिंती शेणामातीच्या, आणि गोठा बहुतेक घराला लागूनच. त्यामुळे माणसांच्या भिंतींबरोबर जनावरांच्या भिंतीही फवारल्या जात. गाय ती भिंत चाटते, दावणीवर अंग घासते, खाली पडलेला चारा उचलते. हिवतापाचा डास मरायचा तो मरत होता. गाईच्या पोटात काय चालले आहे, हे पाहायचे काम त्या खात्याचे नव्हते.

दुसरी वाट शेतातली. साठच्या दशकात हायब्रीड ज्वारी आली आणि तिच्यामागून खोडमाशी आली. नगर जिल्हा मुळात ज्वारी-बाजरीचा. प्रवरेच्या काठी 1926 च्या भंडारदरा धरणाने पाणी आणले, 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि ऊस हेही या जिल्ह्याचे पीक होऊन बसले. कोरडवाहू असो की बागायत, कीड आली की हाती लागणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे बीएचसीची पावडर. धुरळणी करायला पंपही लागत नसे. फडक्याच्या पुरचुंडीत पावडर बांधायची आणि पिकावर झटकत जायचे, तोंडाला उपरण्याचा शेव.

ज्वारीचे दाणे माणसाने खाल्ले, कडबा जनावराने. उसाचे वाढे जनावराने. कपाशीची सरकी पेंड होऊन तीही जनावराच्याच पाटीत. धान्य माणूस पाखडतो, धुतो, दळतो. कडबा कोणी धूत नाही.

डीडीटी आणि बीएचसी पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. जनावराच्या अंगात गेले की चरबीत साठून बसतात, आणि दूध देणाऱ्या जनावराला ते बाहेर टाकायचा एक सोपा मार्ग असतो: दुधातला स्निग्धांश. सत्तरच्या दशकात दुधाचा महापूर योजना आली, संकरित गाई आल्या, गावोगाव डेअऱ्या झाल्या. डेअरीवर दूध घातले की पहिला प्रश्न एकच असे, फॅट किती लागली? भाव फॅटवर. फॅट वाढावी म्हणून सरकी पेंड जास्त. ज्या गोष्टीसाठी शेतकऱ्याला पैसे मिळत होते, नेमक्या त्याच गोष्टीत डीडीटी बसून शहरात चालले होते. यात कोणाची लबाडी नव्हती. पाणी घालणाऱ्या गवळ्याला गाव ओळखत होते, त्याच्यावर लॅक्टोमीटर होते. या पाहुण्यासाठी डेअरीत कोणतेच मीटर नव्हते. तो सापडायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, आणि ते यंत्र तेव्हा मोठ्या संशोधन संस्थांतच असे.

दूध उकळले, आटवले, त्याची भुकटी केली, तरी डीडीटी जात नाही. पाणी उडते, स्निग्धांश राहतो. म्हणून वीस ब्रँडच्या डब्यांत ते निघावे, यात शास्त्राच्या दृष्टीने आश्चर्याचे काही नव्हते. डबा कारखान्यात बंद होत असला तरी त्यातले दूध आपल्याच गोठ्यांतले.

आता बाळाचा हिशेब. तीन-चार महिन्यांचे, पाच किलो वजनाचे मूल दिवसाला किलोमागे साधारण दीडशे मिलिलीटर दूध पिते, म्हणजे पाऊण लिटर. साठ किलोच्या माणसाने त्याच हिशेबाने प्यायचे म्हटले तर नऊ लिटर प्यावे लागेल. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ बैठकीने 2000 साली डीडीटीची सुसह्य मात्रा शरीराच्या किलोमागे दिवसाला 0.01 मिलिग्रॅम ठरवली. कायद्याच्या मर्यादेत बसणारे, म्हणजे 0.05 चे वरचे दूध या मुलाने प्यायले, तर त्या मात्रेचा पाऊण हिस्सा नुसत्या दुधानेच भरतो. आयसीएमआरला मिळालेला सर्वांत वाईट नमुना 2.2 मिलिग्रॅमचा होता. ते दूध निर्भेळ पाजले, तर मात्रा तेहतीस पटींनी ओलांडते. आपल्याकडे वरच्या दुधात पाणी घालतात, त्याने आकडा थोडा खाली येईल, हे मान्य. पण मर्यादा ठरवताना डोळ्यांसमोर कोण होते, हे या हिशेबावरून कळते. कपभर चहात दूध घेणारा माणूस होता. बाटलीवर वाढणारे मूल नव्हते.

मग आईचे दूध? त्यातही डीडीटी होते. अमेरिकेत 1951 मध्येच ते आईच्या दुधात सापडल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि नंतर जगभर, आपल्याकडेही, सापडत राहिले. तरीही आरोग्यतज्ज्ञांनी कधी आईचे दूध बंद करायला सांगितले नाही, आणि ते बरोबरच होते. जुलाबाने आणि न्यूमोनियाने मरणाऱ्या मुलांच्या देशात आईच्या दुधाने वाचणारी मुले डोळ्यांसमोर दिसत होती. शिशुदुग्ध पर्यायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1992 साली झाला आणि आयसीएमआरचा अहवाल आला त्याच 1993 च्या ऑगस्टमध्ये लागू झाला. डब्यावर आईच्या दुधाची महती सांगणारा मजकूर छापणे सक्तीचे झाले ते या कायद्याने.

त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय संशोधन परिषदेचा मुलांच्या आहारातील कीटकनाशकांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. समितीचे अध्यक्ष होते बालरोगतज्ज्ञ फिलिप लँड्रिगन. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, असा त्या अहवालाचा रोख होता: मूल वजनाच्या मानाने जास्त खाते, मोजकेच पदार्थ पुन्हा पुन्हा खाते, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. 1996 साली तिथे कायदा बदलला; मुलांसाठी पुरेशी माहिती नसेल तर सुरक्षिततेचे प्रमाण आणखी दहापट कडक धरायचे, असे ठरले. युरोपने 1999 मध्ये शिशुआहारासाठी सरसकट रेघ मारली: कोणतेही कीटकनाशक असो, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. त्या काळात यंत्रांना ज्याच्या खाली खात्रीने मोजता येत नसे, जवळपास तिथेच ती रेघ होती.

आपल्याकडे काय झाले? कीटकनाशकांचा कायदा आपल्याकडे होताच, 1968 चा. पण त्याच्या मुळाशी वेगळी घटना होती. 1958 साली केरळात आणि मद्रासकडे पॅराथिऑन नावाचे जहाल औषध अन्नधान्यात मिसळून शंभरावर माणसे मेली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी चौकशी केली आणि त्यातून दहा वर्षांनी हा कायदा आला. विषबाधेने पटकन मरणारा माणूस दिसतो, त्याचा पंचनामा होतो. डीडीटीने असे कोणी मरत नाही. बाळाच्या अंगात ते साठत जाते, आणि त्याचा निकाल लागायला दशके लागतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लिंडेनला, म्हणजे बीएचसीतल्या खऱ्या मारक घटकाला, माणसात कर्करोग करणारे आणि डीडीटीला बहुधा करणारे ठरवले ते 2015 साली. पटकन येणाऱ्या आणि हळूहळू साठत येणाऱ्या, अशा दोन्ही मरणांसाठी एकच कायदा होता, आणि तो पहिल्या प्रकारच्या मरणासाठी शिवलेला होता.

तरी बंदी आली. शेतीत डीडीटी वापरायला 1989 मध्ये मनाई झाली. हिवतापासाठी ते चालू राहिले. बीएचसी 1 एप्रिल 1997 पासून बंद झाली, लिंडेनचा वापर 2013 मध्ये संपला. बीएचसीचा निरोप घेताना कुणी हळहळले असेल तर ते तिच्या किमतीसाठी. तिच्या पोत्यात खरे मारक द्रव्य जेमतेम सातवा हिस्सा होते. बाकीचे तिचेच निरुपयोगी भाऊबंद, कीड न मारणारे पण मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षे टिकणारे. सात पोती टाकायची तेव्हा एका पोत्याचे काम व्हायचे.

गाजावाजा झाला तो दुसऱ्याच बाटलीचा. फेब्रुवारी 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली आणि मुंबईतल्या बाटलीबंद पाण्यात कीटकनाशके असल्याचे जाहीर केले, आणि ऑगस्टमध्ये शीतपेयांत. त्याच ऑगस्टमध्ये संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. बोफोर्स, रोखे घोटाळा आणि शेअर बाजार यांच्यानंतरची ही देशातली चौथीच. अध्यक्ष शरद पवार. समितीने फेब्रुवारी 2004 मध्ये अहवाल दिला आणि शीतपेयांत कीटकनाशके असल्याचा निष्कर्ष खरा ठरला. बाटलीबंद पाण्याला नवी मर्यादा त्याआधीच लागली होती. समितीने काम चांगले केले, याबद्दल दुमत नाही. पण 186 डब्यांच्या आकड्यांवर दहा वर्षांत अशी संयुक्त संसदीय समिती बसली नव्हती. कोला पिणाऱ्या शहरी मध्यमवर्गाचा आवाज दिल्लीपर्यंत जातो. बाटलीने दूध पिणारे मूल रडते तेव्हा घरच्यांना वाटते, पोट दुखत असेल.

त्याच 2003 साली महाराष्ट्राला दुसरा धक्का बसला होता. नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल हे कीटकनाशक सापडले आणि युरोपभर सूचना गेल्या. मात्र इथे यंत्रणा हलली ती अशी की पाहत राहावे. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाले, निर्यातीच्या बागांची प्लॉटनिहाय नोंदणी सुरू झाली, 2006 मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था आली. कोणत्या गटातले द्राक्ष कोणत्या खोक्यात गेले, हे रॉटरडॅममध्ये बसून कळू लागले. तरी 2010 मध्ये पुन्हा ठेच लागली. बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात त्या वाढरोधकाचे अंश निघाले, आणि निर्यातदारांचे कंबरडे मोडले. पुन्हा नियम घट्ट झाले. आज युरोपातल्या दोन वर्षांच्या पोराच्या वाटीत पडणारे नाशिकचे द्राक्ष तोडणीपूर्वी प्रयोगशाळेतून गेलेले असते. नगरच्या बाजारात किलोवर विकले जाणारे द्राक्ष कोणत्या प्लॉटचे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. देशातल्या ग्राहकासाठी तशी सक्तीच नाही. मला यात खटकते ते हे की क्षमता आपल्यात आहे, हे आपण सिद्ध करून दाखवले आहे. फक्त ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी केले आहे.

आता दुधाकडे परत येऊ, कारण तिथे बातमी चांगली आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 2018 मध्ये देशातल्या 1,103 शहरांतून दुधाचे 6,432 नमुने घेतले. निकाल ऑक्टोबर 2019 मध्ये जाहीर झाले. कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर किती नमुन्यांत निघाला? एका. तो केरळातला. 1993 च्या पाहणीशी त्याची तुलना काटेकोर नाही. नमुने घ्यायची पद्धत वेगळी, दुधाचा व्यापारही बदललेला. तरी 37 टक्क्यांवरून एका नमुन्यावर येणे हे पद्धतीच्या फरकाने होत नाही. हा बंदीचा परिणाम आहे. एकाही आईने दूध जास्त उकळल्यामुळे, एकाही घरात सेंद्रिय डबा आणल्यामुळे हे झाले नाही. दिल्लीत एक अधिसूचना निघाली, दुकानातून पोते गेले, आणि वीस-तीस वर्षांत माती, कडबा, पेंड, जनावर, साय या क्रमाने ते हळूहळू उतरत गेले. 1989 ला उशीरच झाला होता. अमेरिकेने डीडीटी 1972 सालीच बंद केले होते. या सतरा वर्षांत जन्मलेल्या आपल्या मुलांनी तो उशीर पिऊन काढला.

याच पाहणीत 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेबाहेर निघाले, आणि 77 नमुन्यांत प्रतिजैविके. त्यांतले नऊ महाराष्ट्रातले. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष. बुरशी लागलेली पेंड, ओला झालेला चारा जनावराने खाल्ला की ते दुधात उतरते. पावसाळ्यात भिजलेला कडबा आणि ढेप विकणाऱ्याचे गळके गोदाम यांच्याकडे आज जितके लक्ष हवे, तितके नाही.

भाज्यांचे चित्र दुधाइतके स्वच्छ नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने 2005 पासून देशभर अंशांची पाहणी चालवली आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही देशभरच्या कीटकनाशक-अंश संशोधन प्रकल्पातले एक केंद्र आहे, केडगावाहून तासाभराच्या वाटेवर. 2014-15 मध्ये तपासलेल्या, भाज्यांसह सर्व प्रकारच्या अन्नाच्या 20,618 नमुन्यांपैकी 18.7 टक्क्यांत अंश होते आणि 2.6 टक्क्यांत ते मर्यादेबाहेर. आकडा लहान आहे. पण उष्टावण झालेले मूल रोज त्याच चार गोष्टी खाते: गाजर, पालक, बटाटा, सफरचंदाचा कीस. आणि आताची बरीच औषधे पिकाच्या रसात भिनणारी आहेत, नळाखाली धुऊन वरची पुटे जातील, आतले जाणार नाही.

म्हणून केडगावातल्या, नगरातल्या आयांना सांगायचे ते थोडके आहे. पहिले सहा महिने आईचे दूध. पुढे घरचे अन्न, धुऊन, सोलून, आणि रोज एकच भाजी नको. दुधाला घाबरू नका. बाकीचे काम घराबाहेरचे आहे. शेतकरी मित्रांनी औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहावा, लाल असेल तर दोनदा विचार करावा, आणि फवारणीनंतर तोडणीपर्यंतचे दिवस मोजावेत. उद्या बाजार आहे म्हणून आज औषध मारलेली मेथी परवा कोणाच्या तरी बाळाच्या वरणात जाते. आणि एफएसएसएआयने दुधाच्या पाहणीसारखीच शिशुआहाराची पाहणी दरवर्षी करावी, डब्यांची नावे घेऊन करावी, आणि तिचे निकाल मराठीत प्रसिद्ध करावेत. वीस ब्रँड आणि 186 नमुने तपासायला 1993 मध्ये जमले होते. आज न जमण्याचे कारण नाही.